मुक्ता चौकात उभी राहतेय

प्रिय नंदू,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, कुरकुरू दे. हे दुसऱ्या कुणाला लिहायचं तर आधी दोन पानं खुलासा करावा लागेल, म्हणून तुलाच लिहितोय.

अण्णांची मुक्ता शनिवारी चौकात उभी राहणार आहे. एकटी, तोंडाला पट्टी, हातात कोरा कागद, अंधार पडेपर्यंत. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत. मला म्हणते, "काका, फोटो तुम्ही काढा."

हसू नकोस. पथनाट्याच्या दिवसांत आपलं यावरूनच वाजायचं. तू म्हणायचास, शब्दच नसतील तर निषेध कसला! मी म्हणायचो, तुझी संहिता म्हणजे ढोलकी लावलेलं भाषण. शैला मध्ये पडली नसती तर एकही प्रयोग वेळेवर सुरू झाला नसता.

आणि परवा मुक्तासमोर मी चक्क तुझी बाजू मांडली! तिनं मला रेजिना होसे गालिंदो या कलावतीची गोष्ट ऐकवली. ग्वाटेमाला, २००३. जुना हुकूमशहा रिओस माँत पुन्हा निवडणुकीला उभा. ही बाई माणसाच्या रक्तानं भरलेलं भांडं घेऊन घटना न्यायालयापासून राष्ट्रीय प्रासादापर्यंत अनवाणी चालत गेली. थांबायचं, पाय रक्तात बुडवायचे, पुढं निघायचं. मागे लाल पावलांची रांग. यात कुठला संवाद घालशील? सुचला तरी कळवू नकोस.

माझी काळजी वेगळीच आहे. अशा प्रयोगाची सुरुवात तेवढी कलाकाराच्या हातात. पुढचं बघे आणि पोलीस ठरवतात. जून २०१३ मध्ये इस्तंबूलच्या तक्सिम चौकात एर्देम गुंदुझ हा नर्तक सरकारच्या निषेधात खिशात हात घालून नुसता उभा राहिला, सुमारे आठ तास. पोलिसांनी झडती घेतली, पण नुसत्या उभ्या माणसावर गुन्हा कसला लावणार? मग लोक शेजारी येऊन उभे राहू लागले आणि त्यातल्या काहींना उचललं. कोऱ्या कागदाचंही तसंच, रशियात २०२२ मध्ये तेवढ्यावरून माणसं धरली गेली. क्यूबाची कलावती तानिया ब्रुगेरा, तिला तर हवानाच्या चौकात माईक लावून लोकांना एकेक मिनिट बोलू द्यायचं होतं. २०१४ च्या डिसेंबरात तिला आधीच ताब्यात घेतलं, माईक लागलाच नाही. मुक्ताच्या मते प्रयोग तिथंच यशस्वी झाला. पटतं रे, पण ब्रुगेराला मी कडेवर खेळवलं नव्हतं.

आणि तो कॅमेरा! कॅमेरा दिसला की पोलीस जरा जपून वागतात, हे खरं. पण बघ्यांनाही मग सेल्फी सुचतात, आणि पोरीचा चेहरा कुठंकुठं फिरेल सांगता येत नाही. कुणी तिला ढकललं तर मी काय करायचं? फोटो काढू की पुढं होऊ? पुढं झालो तर प्रयोग मी मोडला. तिला विचारलं, तर म्हणते, "पट्टी मी काढेपर्यंत तुम्ही काका नाही, फोटोग्राफर." अण्णांचा हट्ट, दुसरं काय.

म्हणून म्हणतो, तू ये. कॅमेरा तू धर, तुझा हात कापत नाही, आणि तू तिचा काकाही नाहीस. मी चार पावलांवर उभा राहतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकट्याचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. गुरुवारपर्यंत फोन कर, पत्र पाठवत बसू नकोस. शैलाही येतेय, तेव्हा भांडायचं असेल तर आदल्या रात्री उरकून घेऊ.

तुझा,
दिलीप