कापूस 'धरून ठेवला' म्हणजे कुठे?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला कापसाच्या आयात-निर्यातीवरचा कृषी अर्थतज्ज्ञांचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा समजला नाही म्हणून, दुसऱ्यांदा समजला म्हणून. अमेरिका तिकडच्या कापूसवाल्यांना अनुदान देते, त्यानं जगाचा भाव पडतो, ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत भांडून २०१४ साली अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर वसूल केले, सगळं पटलं. अभ्यास दांडगा आहे. पण 'शेतकऱ्यांनी चढ्या भावाच्या आशेने माल धरून ठेवला व जोखीम पत्करली', हे वाक्य काही घशाखाली उतरेना.

धरून ठेवला म्हणजे कुठे, साहेब? आमच्याकडे गोदाम नाही. २०२२-२३ ला समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला (आमचा माल तेव्हा विकून झाला होता, हे सांगायला नकोच), म्हणून म्हटलं, या खेपेला थांबू. फेब्रुवारीपासून त्यात किडे झाले. घरात सगळ्यांना खाज. नातीच्या मानेवर, पोटावर लाल चट्टे. डॉक्टरनं मलम लिहून दिलं अन् म्हणाला, "कापूस विका आधी." तरी थांबलो. शेवटी जूनमध्ये बियाण्याला पैसे नव्हते म्हणून विकला. व्यापाऱ्यानं मोबाईल पुढे धरला, "इंटरनॅशनल मार्केट डाऊन हाय, काकाजी." वरून क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली कपात. ही कट्टी कोणत्या देशाच्या बाजारात ठरते, तेवढं लेखात यायला हवं होतं.

यंदा, २०२५ साली, १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. तेव्हा आमची पऱ्हाटी (कपाशीचं झाड) पात्या-फुलांवर होती. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकं सीतादही (पहिल्या वेच्याआधीची शेतातली पूजा) करून आम्ही वेचा सुरू करतो तेव्हा. अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के कर लावल्यावर गिरण्यांना स्वस्त रुई (सरकी काढलेला कापूस) लागणार, हेही मान्य. '२०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहेच', असं लेखक कंसात सांगतात. आहे ना! लांब धाग्याला आहे, अन् ओल आठ टक्क्यांच्या आत असली तर पूर्ण आहे; बारा टक्क्यांवर गेली तर खरेदीच नाही. पावसात भिजलेल्या कापसाची गाडी मी सरकारी खरेदी केंद्रावरून परत आणली. जाण्या-येण्याचं भाडं कोणत्या कंसात धरायचं?

जाता जाता आणखी एक. तुमच्या चौकटीत सोन्याचा भाव रोज बदलतो, कापसाचा हिंगणघाटचा भाव मात्र गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस तोच. न्यूयॉर्कचा भाव सेंटमध्ये छापता, बाजूच्या तालुक्यातला आम्ही फोन करून विचारतो.

लेखकांना एवढा निरोप द्यावा : यंदाचा बावीस क्विंटल अजून त्याच खोलीत पडला आहे. एक रात्र मुक्कामाला यावं. बाज देऊ. पूर्ण बाह्यांचा सदरा तेवढा आणावा.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ