आजीचं मशीन घरी आणतोय

ती. आई-बाबा,
सा. न.

आजीचं सिंगर कंपनीचं शिवणाचं मशीन तयार झालं. गणपतीला येताना गाडीतून आणतो. फोनवर सांगितलेलं राहून जातं, म्हणून लिहून कळवतोय.

आई, मशीन बिघडलं नव्हतंच. वर्षानुवर्षं घातलेलं खोबरेल आत सुकून चिकटलं होतं, म्हणून हँडल जड फिरायचं. प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडायचे, हँडल फिरवायचं, पिवळा चिकटा वर आला की पुसायचा, हेच करत बसलो. बॉबिनची डबी काढली तर खाली दोऱ्यांचा भुगा घट्ट दाबून बसलेला, आणि त्यात आजीच्या चोळीच्या खणाचा जांभळा रंग अजून ओळखू येत होता! तो मी टाकला नाही, पुडीत ठेवलाय. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. सुई घरगुती मशीनची साधीच लागते, बाजारात कुठेही मिळेल. यापुढे तेल मात्र फक्त मशीनचंच.

बाबा, तुम्ही नेहमी विचारायचात की हे नेमकं कुठलं. आपल्या मशीनचं मॉडेल ९९के, त्यातला के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा मोठा कारखाना होता तिथलं. कारखाना १९८० साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगर आहे. मशीनवरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिटनं तो विरघळतो, म्हणून तुमची स्पिरिटची बाटली त्याच्या जवळपासही नको. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं की पुरे.

खरं काम निघालं ते मशीनच्या लाकडी पेटीचं. झाकण उघडलं की कुबट वास खोलीभर. आतलं लाकूड कोरंच आहे, त्यात आपल्याकडचे पावसाळे मुरलेले. तोंडाला रुमाल बांधून गच्चीत कोरड्या ब्रशनं बुरशी झाडली, व्हिनेगरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसली आणि सावलीत वाऱ्यावर उघडी ठेवली. कडक उन्हात मुद्दामच ठेवली नाही, वाकवलेल्या लाकडाचे पापुद्रे सुटतात. पुरती वाळल्यावर आतून लाखेचं पॉलिश दिलं, त्यानं उरलासुरला वास कोंडला गेला. आता तिच्यात डांबरगोळ्या टाकू नका, तो वास निघता निघत नाही. प्लॅस्टिकही गुंडाळू नका, ओल आतच राहते. आणि पेटी नुसत्या मुठीला धरून कधीच उचलायची नाही. जुनं कुलूप सुटलं तर मशीन थेट पायावर. उचलायची वेळ आली तर शेजारच्या मुलाला हाक मारा, त्याला खालून हात लावायला सांगा.

पण माझं ऐकाल तर मशीन पुन्हा पेटीत घालूच नका. बंद राहूनच त्याची ही दशा झाली. माजघरात, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, टेबलावर मांडू आणि वर सुती कापड टाकू. आई, "आता कोण शिवतंय" असं म्हणू नकोस. सुईत दोरा ओवायची तार आणि वाकणारा टेबललॅम्प घेतलाय. माझ्या उशांचे अभ्रे विरलेत, त्यांचं कापडही आणतोय. तुझ्या हातची सरळ शिवण मला हवी आहे. दिवसाकाठी एक अभ्रा झाला तरी चालेल, डोळे दुखले की थांब.

बाबा, माजघरातला खिडकीजवळचा प्लग चालतो का, तेवढं वायरमनला दाखवून ठेवा.

तुमचा,
बाळू