सायकल मार्ग गल्लीच्या तोंडाशी का तुटतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायकल मार्गांबद्दल आपल्या दैनिकात येणारी पत्रे मी नेमाने वाचते. "युरोपात जमते, आपली माणसेच बेशिस्त" असा बहुतेकांचा सूर असतो. अठ्ठावीस वर्षे अस्थिरोग विभागात परिचारिका म्हणून काढल्यावर माझेही मत तेच झाले होते. गेल्या मे महिन्यात ते बदलले, म्हणून हे पत्र.

आम्ही चौघी नर्सिंगच्या शिक्षणापासूनच्या मैत्रिणी, सगळ्या साठीच्या अलीकडे-पलीकडे. पाठीवर सॅक घेऊन, कोणत्याही टूरबरोबर न जाता नेदरलँड्समध्ये बारा दिवस फिरलो. त्यातले पाच दिवस युट्रेख्टला होतो. साधारण साडेतीन लाख वस्तीचे हे गाव. मधून आउडेखराख्त नावाचा जुना कालवा वाहतो, त्याच्या काठाला पाण्यालगत तळघरे आहेत आणि कुठूनही मान वर केली की ११२ मीटर उंच डोमचा मनोरा दिसतो. वाट चुकली तर त्या मनोऱ्याकडे तोंड करून निघायचे, एवढे आम्हाला पुरे होते. राहायला हॉस्टेल, झोपायला दुमजली खाटा, आणि रात्री तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात मऊ भात-मेतकूट.

भाड्याने घेतलेल्या सायकलींना हाताचे ब्रेकच नव्हते. पेडल उलटे दाबले की सायकल थांबते. आमच्यातल्या एकीला १९९६ साली पुण्यात गल्लीतून वेगाने बाहेर आलेल्या दुचाकीने उडवले होते. कोपरात प्लेट बसली, आणि त्यानंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या सकाळी ती म्हणाली, "तुम्ही जा, मी चालत येते." तिला एकटीला सोडून जाणे आम्हाला जमेना. मग चौघी सायकली हातात धरून चालत निघालो. त्या चालण्यातच मला ती गोष्ट दिसली, जी सायकलवरून कदाचित दिसली नसती.

मोठ्या रस्त्याला गल्ली मिळते तिथे आपल्याकडे पदपथ आणि सायकल मार्ग दोन्ही खाली उतरतात, संपतात, आणि गल्लीच्या पलीकडे पुन्हा सुरू होतात. मधल्या दहा-बारा फुटांत ज्याचे त्याने बघायचे. युट्रेख्टला नेमके उलटे पाहिले. पदपथ आणि लाल डांबराचा सायकल मार्ग तसेच, त्याच उंचीवर, गल्लीच्या तोंडावरून अखंड पुढे जातात. चढावे लागते ते मोटारीला. तिने उंचवट्यावर यायचे, दोन्ही ओलांडायचे आणि मग रस्त्यावर उतरायचे. चाक चढवायचे म्हटले की वेग आपोआप पडतो. आणखी कुठे डांबरावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. त्यांचे टोक ज्याच्याकडे, त्याने थांबून दुसऱ्याला वाट द्यायची. आम्ही एका गल्लीपाशी वीस मिनिटे नुसत्या उभ्या राहिलो. एक मोटारवाला आत कुणाशी तरी वाद घालत होता, त्याचे समोर फारसे लक्षही नव्हते, तरी त्याची गाडी हळू झाली. झाली म्हणजे व्हावीच लागली.

माणसे तिथलीही काही संत नाहीत. लाल दिवा असताना घुसणारे विद्यार्थी पाहिले. सायकली चोरीला जातात म्हणून मागच्या चाकाच्या कुलपाशिवाय जाडजूड साखळीही लावावी लागते. मागून घंटी वाजवून "बाजूला व्हा" म्हणणाऱ्या आजीबाईही भेटल्या. पण काही रस्त्यांवर पाटीच आहे, तिचा अर्थ 'सायकल रस्ता, मोटार इथे पाहुणी'. पाहुण्याने कसे वागायचे ते त्या रस्त्याच्या बांधणीनेच ठरवून दिलेले असते.

हे पहिल्यापासून असेच होते असेही नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यात चारशेहून जास्त मुले होती. आईवडील रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते 'बालहत्या थांबवा'. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि मोटारींशिवायचे रविवार लोकांनी पाहिले. खुद्द युट्रेख्टने त्याच सुमारास जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा एक भाग बुजवून त्यावर मोटारींचा रुंद रस्ता केला होता. २००२ मध्ये नागरिकांनी मतदानात कौल दिला आणि २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आले. त्या काठावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. पाण्यातून लहान होड्या चालल्या होत्या. खाली एकेकाळी मोटारी धावत होत्या, हे सांगूनही खरे वाटत नव्हते.

स्टेशनाखालचा सायकलतळ तर मी दोनदा पाहिला. तीन मजले, १२,५०० सायकली, जगातला सर्वांत मोठा. सायकलवर बसूनच आत जायचे. कुठल्या रांगेत किती जागा रिकाम्या आहेत ते फलकावर दिसते, आणि पहिले २४ तास पैसे नाहीत. सायकल लावली की तिथूनच फलाटाकडे जाता येते.

तिसऱ्या दिवशी क्रोमे राइन नदीच्या काठाने अमेलिसवेर्डच्या झाडीत गेलो. आमची मैत्रीण आदल्या संध्याकाळी कालव्याकाठी थोडी थोडी चालवून बघत होती. उजेड साडेनऊपर्यंत असल्यामुळे तिला भरपूर वेळ मिळाला. त्या दिवशी ती आमच्या मागे होती, मग मध्ये आली, आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांत पुढे. दोघींनी शेजारी शेजारी सायकल चालवायला तिथे परवानगी आहे, त्यामुळे गप्पा मारत येता आले. १९८० च्या दशकात पुण्यात आम्ही ड्यूटीवर अशाच जात होतो.

माझी मागणी लहान आहे. नवे मार्ग, नवे रंग, नवी उद्घाटने नकोत. जे सायकल मार्ग आहेत, त्यांपैकी एकाच रस्त्यावरच्या गल्ल्यांची तोंडे पदपथाच्या उंचीला आणून द्यावीत, मार्ग तिथून अखंड न्यावा, आणि वर्षभर तिथले अपघात मोजावेत. वॉर्डात मी ज्यांची हाडे बसवलेली पाहिली, त्यांतल्या कितीतरी जणांनी "अहो, तो गल्लीतून आला, दिसलाच नाही" असे सांगितले आहे. दिसण्याइतका वेळ दोघांनाही मिळाला पाहिजे. तो रस्ता बांधतानाच देता येतो.

मैत्रिणीने परत आल्यावर मुलीची माळ्यावरची सायकल खाली काढली, ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलून घेतले. रोज सकाळी सहा ते सात ती चालवते. सातनंतर गल्ल्यांमधून गाड्या निघू लागतात, तेव्हा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ती खाली उतरते आणि सायकल हातात धरून पलीकडे जाते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कोथरूड, पुणे