मागचे पॅड घासून पुढे बसवायच्या सल्ल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 'चारही चाकांसाठी संतुलित' ब्रेक पॅड संच

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझा पाचवा फोन आत्ताच संपला. संपला म्हणजे तुमच्या माणसाने तो ठेवला. म्हणून आता लेखी.

तुमच्या परफॉर्मन्स पॅडचा पूर्ण संच मी घेतला. पुढचे-मागचे एकाच खोक्यात, खोक्यावर ठळक अक्षरांत 'चारही चाकांसाठी संतुलित'. बसवल्यापासून जोरात ब्रेक दाबला की गाडीचं बूड हलतं. उतारावर, वळणाच्या तोंडाशी तर मागची बाजू पुढे यायला बघते. मेकॅनिकने स्कॅनर लावून चाकांचे वेग पाहिले : पुढच्या टायरांत पकड शिल्लक असतानाच मागची चाकं अडकू पाहतात आणि चाक अडकू न देणाऱ्या एबीएसला धावून यावं लागतं. पुढच्या रिमवर बोट फिरवलं तर जेमतेम धूळ. मागच्या रिमवर नुसती काजळी. चार हजार किलोमीटरमध्ये मागचे पॅड 10 मिलिमीटरवरून 6 वर आले, पुढचे एक मिलिमीटरही झिजले नाहीत. मूळच्या पॅडचं याच गाडीत नेमकं उलट होतं.

शेवटी पॅड काढून कडेवरची अक्षरं वाचली. पुढे 'एफएफ', मागे 'जीजी'. गाडीबरोबर आलेल्या पॅडवर दोन्हीकडे 'एफएफ' आहे. ही अक्षरं घर्षणांकाची, हे तुम्हाला ठाऊक असणारच, छापता तुम्हीच. 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर तेच, डिस्क त्याच, पायाचा जोर तेवढाच. मधले आकडे धरले तर मागचा ब्रेक पाव पटीने वाढला आणि पुढचा होता तिथेच राहिला. (फरक 0.44 आणि 0.46 एवढाच आहे असं म्हणणार असाल तर तसं सहीनिशी लिहून द्या. माझ्या मागच्या रिम्सना पटतंय का बघू.)

आता आजचा फोन. हे सगळं सांगून झाल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मागचे ब्रेक जास्त लागतात म्हणजे चांगलंच की सर. जास्त ब्रेक, जास्त सेफ्टी." मी म्हटलं, अहो, ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. थोडा वेळ शांतता. मग, "बेडिंग केलंत का?" केलं. नवे पॅड डिस्कशी जुळावेत म्हणून पुन्हा पुन्हा ब्रेक लावणं, तुमच्या पत्रकात लिहिलंय तसंच, मोकळ्या रस्त्यावर, दोनदा. "मग ब्रेक ऑइल बदला." ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं, माझं दगडासारखं टणक आहे; आणि ऑइल चारही चाकांना एकच जातं, ते फक्त मागच्यांवर कसली मेहरबानी करणार? पुन्हा शांतता. मागे कुणाशी तरी कुजबुज. आणि मग हा सल्ला : "सर, असं करा, मागचे पॅड पुढे लावा आणि पुढचे मागे."

माझ्या गाडीत पुढे चार पिस्टनचं कॅलिपर आहे, मागे एक पिस्टनचं. पॅडचा आकार वेगळा, लांबी वेगळी, पाठीची पट्टी वेगळी. हे मी सांगितलं. उत्तर आलं, "बसत नसतील तर थोडे घासून घ्या."

घासून घ्या! ब्रेक पॅड! दाराची फळी आहे का ती? आणि हे ऐकून मी "काय म्हणालात?" एवढंच विचारलं, तर "सर, तुम्ही आवाज चढवताय" म्हणून फोन बंद.

तुमचे पॅड मी तिसऱ्यांदा घेतले. आधीचे दोन्ही संच चांगले होते, म्हणून चार मित्रांना आग्रहाने घ्यायला लावले. आता त्या चौघांना फोन करून कडेची अक्षरं वाचायला सांगायचं काम माझ्याकडे आलंय. खरं तर ते तुमचं काम. ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) सांभाळून घेईल, असं तुमचा दुसरा एक प्रतिनिधी म्हणाला होता. ते मूळच्या पॅडच्या हिशेबाने बसवलेलं असतं, तुमच्या खोक्यातल्या गोंधळाच्या नाही. आणि खोक्यावर पुन्हा तेच, 'चारही चाकांसाठी संतुलित'!

मला तीन गोष्टी हव्यात. संचाचे पूर्ण पैसे परत. पुढे-मागे वेगळं कंपाउंड, म्हणजे पॅडचं घर्षणाचं मिश्रण, मुद्दाम दिलं की भरणाऱ्याची चूक झाली, याचं लेखी उत्तर, तुमच्या तांत्रिक विभागाकडून, फोनवाल्यांकडून नाही. आणि चूक असेल तर त्याच खेपेचे संच घेतलेल्या सगळ्यांना कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलाचं असेल.

फोन करू नका.

एक नाराज ग्राहक

ता.क. काल पुढे-मागे मूळचे जुने पॅड परत बसवले. गाडी सरळ थांबते. तुमचे आठही पॅड, खोक्यासकट, माझ्या डिकीत आहेत. एकही घासलेला नाही.