गाडी थांबवतो तो रस्ता : भौतिकशास्त्राच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

निवृत्तीनंतर आपण आमच्याकडे मोटार चालवायला शिकायला आलात आणि परवाना घेऊन जाताना आमची शिकवण्याची रीतच बदलून गेलात, त्याबद्दल आपले रीतसर आभार मानायचे राहूनच गेले होते. ते जाहीरपणे मानण्याचे कारण एवढेच की, आपण सांगितलेले स्टिअरिंग धरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे, आणि न्यूटनचे तीन नियम शाळेत पाठ करून तिथेच ठेवून आलेले चालक या राज्यात थोडेथोडके नाहीत.

‘ब्रेक दाबला की गाडी थांबते’ हे माझे नेहमीचे वाक्य आपण पहिल्याच आठवड्यात अडवलेत आणि विचारलेत, ‘थांबवणारे बल गाडीवर लावतो कोण?’ ब्रेकचे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबले जातात हे खरे. परंतु लायनर गाडीचे आणि ड्रमही गाडीचाच, त्यामुळे त्यांची आपसातली झटापट चाकाचे फिरणे रोखू शकते, संपूर्ण गाडीचा वेग कमी करू शकत नाही. त्यासाठी बाहेरचे बल लागते, आणि हवेचा थोडा विरोध सोडला तर गाडीला बाहेरून धरणारा एकटा रस्ताच असतो. फळ्यावर आपण गाडी एकटीच काढलीत, रस्ता पुसून टाकलात आणि चारही टायरांच्या तळाशी रस्त्याच्या बलाचे, मागच्या दिशेचे बाण दाखवलेत. ‘ब्रेक ठणठणीत होते, तरी गाडी थांबली नाही’ अशी तक्रार पहिल्या पावसानंतर दरवर्षी ऐकू येते. ऑइल आणि मातीचा राप बसलेल्या ओल्या डांबरावर ते बाण किती आखूड होतात हे त्या आकृतीवरून जितके चटकन कळते, तितके माझ्या वर्षानुवर्षांच्या ओरडण्याने कोणाला कळले नव्हते.

तिसऱ्या नियमावर मुले हमखास एक शंका काढतात : क्रिया आणि प्रतिक्रिया सारखीच असेल, तर टोचन लावलेली बंद गाडी पुढे जाते कशी? आपण सांगितलेत की, १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त खुद्द न्यूटननेच दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण दिले आहे आणि दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो असे म्हटले आहे. ही दोन्ही बले वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करीत नाहीत. बंद गाडीचा विचार करताना तिच्यावरची बलेच मोजायची : पुढे दोराची ओढ आणि मागे तिच्या चाकांचा विरोध, ओढ वरचढ ठरली की ती हलणार. ओढणाऱ्या गाडीचा हिशेब स्वतंत्र. तिला दोर मागे खेचतो आणि रस्ता पुढे ढकलतो. ‘कोण लावतो आणि कोणावर लावतो’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एकही बाण काढायचा नाही, हा आपला दंडक आता आमच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला आहे.

आकड्यांच्या बाबतीतही आपण आम्हाला मोकळे सोडले नाहीत. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले टायर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंद इतका उतरवू शकतात. ओल्या रस्त्यावर हा आकडा ४ च्या आसपास येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच १७ मीटर संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर २० आणि ओल्यावर ३५ मीटर लागतात. वेग ताशी ३० असेल, तर कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे हेच अंतर अवघे ५ मीटर असते, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट. वळणाचा हिशेब मला स्वतःला अधिक भिडला. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला आतल्या बाजूला ४ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके त्वरण लागते, म्हणजे ओल्या रस्त्याची जवळजवळ सगळी पकड वळण्यातच खर्ची पडते आणि ब्रेकसाठी काही उरत नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. त्याच्या मागचे गणित मात्र आपल्यामुळे हाती आले.

सीट बेल्टविषयी आपण बोललात तेव्हा दुसऱ्या नियमाचे मूळ रूप समोर ठेवलेत. न्यूटनने तो संवेगातील, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यातील, बदलाच्या भाषेत मांडला होता, आणि तसा मांडला की वेळेचे महत्त्व आपोआप दिसते. ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने, जाणारी गाडी धडकून थांबली, तरी ६० किलो वजनाच्या प्रवाशाचा ९०० एककांचा संवेग शिल्लकच असतो. पहिल्या नियमानुसार त्याला कोणी ‘फेकत’ नाही. गाडी थांबलेली असते, त्याला अजून कोणी थांबवलेले नसते. बेल्टने आणि चेपणाऱ्या बॉनेटने त्याला ६० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल सुमारे ११,००० न्यूटन होते, म्हणजे अंगावर साडेअकराशे किलोंचा भार. डॅशबोर्डवर आपटून तो ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हेच बल बारापट होते. मागच्या सीटवर बेल्ट कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना मी आता वाद न घालता हा भागाकार करून दाखवतो.

अवजड वाहनांच्या तुकडीसाठी आपण खास वेळ काढलात, त्याचे ऋण वेगळे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगतच आले आहेत. आपण त्याला हिशेब जोडलात : १६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची सावकाश उतरला आणि सगळे काम ब्रेकवर सोडले, तर ड्रममध्ये सुमारे १ कोटी ५७ लाख ज्यूल उष्णता जमा होते, तेवढ्यात २५ अंशांचे जवळपास ५० लिटर पाणी उकळीला येईल. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांनी हा आकडा ऐकल्यावर जी चुळबुळ केली, ती आपणही पाहिलीत. गिअरमध्ये असताना उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि उष्णतेचा मोठा वाटा इंजिन घेते. आणि तिथेही गाडीला मागे धरणारे बल अखेर रस्त्याचेच असते, हे एका विद्यार्थ्याने न विचारता सांगितले, तेव्हा आपल्या चेहऱ्यावरचे समाधान लपले नाही.

एक विनंती करून पत्र पुरे करतो. नव्या तुकडीत दुधाचा टँकर चालवणारे दोघे आहेत. भरलेल्या किंवा रिकाम्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर आवरायला कठीण का जातो, असे त्यांनी विचारले. दूध पुढे जातच राहते आणि पुढच्या भिंतीवर आदळून थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलते, इथपर्यंत मी सांगितले. पेट्रोलच्या टँकरमध्ये असतात तसे आडवे पडदे धुण्याच्या अडचणीमुळे दुधाच्या टाकीत अनेकदा नसतात, हे त्यांनीच मला सांगितले. वळणावर हेच दूध बाजूला चढते तेव्हा बाण कुठे आणि किती लांबीचे काढायचे, हे फळ्यावर दाखवायला आपण सवडीने एकदा यावे.

आपला विद्यार्थी आणि आपला प्रशिक्षक,
एक मोटार चालन शिक्षक