पर्यायी शाळा नेमकी कोणाच्या सोयीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेबाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी पर्यायी शिक्षणाची सोय करावी, असे आता सगळेच म्हणू लागले आहेत. शाळा सुटलेल्या तरुण मुलांच्या वर्गावर मी शिकवते. त्यामुळे या मागणीचा मला आनंदच आहे. पण या चर्चेत जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तोच कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलाला नेहमीच्या शाळेतून दुसरीकडे पाठवले जाते, तेव्हा सोय कोणाची होते, मुलाची की शाळेची?

युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात सुमारे २५ कोटी १० लाख मुले व तरुण शाळेबाहेर आहेत, आणि त्यातली जवळपास निम्मी उच्च माध्यमिक वयाची आहेत. सहा वर्षांचे मूल शाळेत दिसले नाही की आपल्याला वाईट वाटते. तेच सोळाव्या वर्षी बाहेर पडले की ‘त्यालाच शिकायचं नव्हतं’ म्हणून आपण मोकळे होतो. सोळा वर्षांच्या मुलाबद्दल इतक्या सहज असे बोलले जाते, याची मला फार चीड येते. या मुलांशी कोणी दहा मिनिटे नीट बोलले, तरी हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणार नाही.

आमच्या प्रवेश-अर्जावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना आहे. बहुतेक मुले तिथे ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहितात. शेजारी बसून हळूहळू विचारत गेले की खरे काय ते बाहेर येते. एका मुलीला उशिरा आल्याबद्दल दर वेळी ‘पालकांना घेऊन ये’ असे सांगितले जायचे. पालक आले की त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. शेवटी तिनेच जाणे बंद केले. एका मुलाला वार्षिक परीक्षेच्या आधी ‘तुला इथे झेपणार नाही, दुसरीकडे बघ’ असे समजुतीच्या सुरात सांगितले गेले. कोणी हाकलले नाही, नोटीस दिली नाही, आवाजही चढवला नाही. कागदावर दोघांनीही शाळा स्वखुशीने सोडली.

ही ‘स्वखुशी’ किती पोकळ असू शकते, याचा निवाडा एका मोठ्या न्यायालयात झालेला आहे. चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्राव्हा शहरात रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत, त्या अल्पसंख्य) समाजाच्या मुलांना मंदबुद्धी मुलांसाठी असलेल्या ‘विशेष शाळां’त घातले जात होते. तिथे जाण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत रोमा मुलांच्या बाबतीत २७ पटींनी जास्त होती. अशा १८ मुलांचा खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या पीठाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. पालकांनी संमती दिली होती, असा सरकारचा बचाव होता. प्रत्यक्षात आधीच भरून ठेवलेल्या फॉर्मवर त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. दुसरा काय मार्ग आहे आणि या शाळेत शिकल्यावर पुढची कोणती दारे बंद होतील, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अशी संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. ज्या चाचण्यांवरून मुलांची बुद्धी मोजली, त्या बहुसंख्याकांच्या मुलांवर बेतलेल्या होत्या, हेही तिथे उघड झाले.

इंग्लंड तर शिक्षणावर भरपूर खर्च करणारा देश. तिथेही शाळेतून कायमचे काढून टाकलेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुले विशेष शैक्षणिक गरज असलेली, समाजसेवा विभागाच्या मदतीखाली असलेली किंवा मोफत जेवणास पात्र ठरण्याइतक्या गरीब घरची असतात, असे २०१९ च्या सरकारी आढाव्यात दिसले. ही झाली रीतसर काढलेली मुले. त्याखेरीज गाजावाजा न करता पटावरून नाव कमी करण्याची पद्धत आहे ती निराळीच. मूल निकाल खाली ओढणार असे वाटले की पालकांना ‘घरीच शिकवा’ किंवा ‘दुसरी शाळा बघा’ असे सुचवायचे. शाळेची किंमत निकालाच्या टक्केवारीवर ठरू लागली की कच्चे मूल शाळेला ओझे वाटू लागते, मग देश कोणताही असो. काढून टाकलेल्या मुलाच्या पुढच्या निकालाचीही जबाबदारी मूळ शाळेवर असावी, अशी शिफारस त्याच आढाव्यात होती. मला ती फार मोलाची वाटते. मूल गेल्यावरही त्याचे गुण तुमच्याच खात्यात पडणार म्हटल्यावर किती जणांना ‘झेपणार नाही’ असे सांगितले जाईल?

मुलाच्या सोयीने चालणारा पर्याय कसा असतो, याचीही खरी उदाहरणे आहेत. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळांपासून सुरुवात केली. वर्गात तीसेक मुले, त्यात मुली जास्त. शिकवायला बहुतेक ठिकाणी त्याच वस्तीतली एक बाई, आणि वर्षानुवर्षे तीच. शाळेची वेळ पालकांशी बोलून ठरायची. मुलांनी इथला अभ्यास संपवून पुढे नेहमीच्या शाळेत जावे, ही मूळ आखणीच होती. तात्पुरत्या सोयीच्या नावाखाली मुलांना तिथे कायमचे बसवून ठेवायचा विचार नव्हता.

कोलंबियातला ‘एस्क्वेला नुएव्हा’ म्हणजे ‘नवी शाळा’ हा प्रयोग मला याहूनही जवळचा वाटतो. विकी कोलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर दुर्गम खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी तो उभा केला. मूल स्वतः वाचून पुढे जाऊ शकेल अशा अभ्यासपुस्तिका, गटात बसून काम, आणि घटक पूर्ण झाला की पुढचा घटक. वर्षअखेरची एकच परीक्षा आणि तिच्यात नापास झाल्यावर पुन्हा त्याच वर्गात, हा प्रकार नाही. पीक काढणीच्या दिवसांत मूल शेतावर गेले, तर परतल्यावर जिथे सोडले होते तिथून सुरू. नेहमीच्या शाळेत महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचे काय होते ते आठवून पाहा. वर्ग पुढे गेलेला असतो, त्याला काही कळत नाही, तो मागच्या बाकावर सरकतो आणि पुढच्या महिन्यात येतच नाही. कोलंबियात ते मूल टिकले, कारण शाळेने त्याची गैरहजेरी गृहीत धरली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन अमेरिकेतल्या देशांची तुलना झाली, तेव्हा महानगरे सोडली तर कोलंबियातल्या ग्रामीण शाळा शहरी शाळांपेक्षा सरस ठरल्या.

तरुणांसाठी मुक्त विद्यालयांनी हेच तत्त्व वेगळ्या पद्धतीने आणले. भारतात १९८९ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. कामावरून रजा मिळाली नाही, बाळंतपण आले, घर बदलावे लागले, तरी आधीचे कष्ट वाया जात नाहीत. मात्र पुस्तके हातात दिली आणि परीक्षेची तारीख कळवली म्हणजे शिकणे होत नाही. ज्याच्या घरात शंका विचारायला कोणी नाही, त्याला समोर बसलेला शिक्षक लागतोच. या जागी बहुतेक योजना कमी पडतात, कारण खर्च नेमका इथेच असतो.

या मुलांना काही येत नाही, असे समजून वर्ग सुरू करणे ही तर मोठीच चूक. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एक नारळ ३५ क्रुझेइरोला, तर दहांचे किती, असे विचारल्यावर मुलगा हिशेब करू लागला: तीनचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, पुढे ३१५, म्हणजे झाले ३५०. दहाने गुणताना एक शून्य द्यायचे हे शाळेतले तंत्र त्याने वापरले नाही, पण उत्तर अचूक. बाजारात अशी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांची मांडून त्याच मुलांना दिली, तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर घसरली. मुले पाचच होती, अभ्यास लहान होता. तरी माझ्या वर्गात मी हेच रोज पाहते. तोंडी हिशेब चटकन सांगणारा मुलगा वही उघडली की डाव्या हाताने पान झाकून लिहितो. मी बाकाजवळ गेले की हात आणखी पसरतो. चूक दिसली की सगळे हसतात, हे तो शाळेत शिकलेला असतो. तो हात बाजूला व्हायला पुष्कळ महिने लागतात, आणि त्याआधी मी शिकवलेले फारसे आत जात नाही. म्हणून ज्यांना दुसरीकडे जागा नाही असे शिक्षक, उरलेली खोली आणि जुनी पुस्तके एवढ्यावर पर्यायी केंद्र चालवणे मला अन्यायाचे वाटते. सर्वांत कसलेले शिक्षक इथेच लागतात.

प्रमाणपत्राचा मुद्दा तर टाळताच येणार नाही. फ्रान्समध्ये मार्सेलला १९९७ मध्ये ‘दुसऱ्या संधीची शाळा’ सुरू झाली आणि पुढे तशा शाळांचे जाळे झाले. काही दिवस वर्गात, काही दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, अशी त्यांची रचना आहे. ती मला आवडते. पण शेवटी मिळते ते आत्मसात केलेल्या कौशल्यांचे प्रशस्तिपत्र. राष्ट्रीय पदविका मिळत नाही. ज्याच्याकडे ओळखपाळख नाही, वशिला नाही, त्याच्यासाठी सर्वमान्य प्रमाणपत्र हाच एक आधार असतो. चांगल्या घरच्या मुलाचे कागदावाचून एखादे वेळी निभावते, याचे निभावत नाही. त्यामुळे पर्याय कितीही प्रेमळ असला, तरी त्याच्या शेवटी मिळणारा कागद कॉलेजात आणि नोकरीच्या रांगेत बरोबरीने चालला पाहिजे.

कोणताही वेगळा वर्ग म्हणजे वेगळे टाकणेच, असे समावेशक शिक्षणाचे काही पुरस्कर्ते म्हणतात. स्पेनमधल्या सालामांका शहरात भरलेल्या जागतिक परिषदेच्या १९९४ च्या जाहीरनाम्याने सर्व मुलांना सामावून घेणारी सामान्य शाळा हेच ध्येय ठेवले. अपंगत्व असलेल्या मुलांना वर्गात नुसते आणून बसवणे म्हणजे समावेशन नव्हे, हे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१६ मध्ये स्पष्ट केले. हे मला पूर्ण मान्य आहे. जे मूल नेहमीच्या शाळेत राहू इच्छिते, त्याच्यासाठी शाळेनेच बदलायचे आहे, आणि तिथे ‘पर्याय’ हे निमित्त होता कामा नये. पण सतरा वर्षांच्या कमावत्या मुलाला किंवा कडेवर मूल असलेल्या मुलीला अकरा वर्षांच्या मुलांशेजारी बसवून समावेशन साधत नाही. त्यांना वेगळी वेळ हवी, वेगळी गती हवी, सोबत आणलेल्या बाळाला ठेवायला जागा हवी. निर्णय त्यांचा असावा, तो घेताना पूर्ण माहिती त्यांच्यासमोर असावी, आणि मन बदलले तर नेहमीच्या शाळेत परतता यावे. एवढे असेल तर वेगळ्या वर्गाला मी वेगळे टाकणे म्हणणार नाही.

या संदर्भात आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. निकाल लागला की आपण शाळांची टक्केवारी आणि शंभर टक्के निकालाच्या शाळांची नावे आवर्जून छापता. यापुढे त्या प्रत्येक शाळेच्या नावापुढे आणखी एक आकडा छापावा: आज परीक्षेला बसलेली ही तुकडी तीन वर्षांपूर्वी त्या शाळेत होती, तेव्हा पटावर किती नावे होती. मधल्या काळात जी कमी झाली, ती मुले कुठे गेली हे आपल्या वार्ताहरांनी मुख्याध्यापकांना विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच पानावर द्यावे.

आपली,
शाळा सुटलेल्या मुलांच्या वर्गावरील एक शिक्षिका