ज्या मॅडमनी मला थांबवून ठेवलं नाही

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांना करता येण्यासारखं आहे आणि ते त्यांच्यापर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

२०१६ साली मी लातूरला अकरावीत आले, बायफोकल कॉम्प्युटर सायन्स (अकरावी-बारावीला घेता येणारा व्यवसाय-विषय) घेऊन. दोनशे मार्कांचा विषय, जीवशास्त्राची कटकट नाही, मार्क चांगले पडतात; बहुतेकांचा हिशेब एवढाच असायचा. मला मात्र त्यातलंच काहीतरी पुढे करायचं होतं, फक्त त्याला काय म्हणतात आणि ते कुठे शिकतात हे माहीत नव्हतं. दहावीच्या सुट्टीत मामाच्या जुन्या लॅपटॉपवर मी सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा बरीचशी शिकले होते. पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रोग्राम संपवून मी हात बांधून बसलेली तुम्हाला दिसले. पुढच्या तासाला तुम्ही माझ्यापुढे एक कागद ठेवलात. चौकटीच्या वरच्या डाव्या घरातून खालच्या उजव्या घरात जायचं, फक्त उजवीकडे किंवा खाली सरकायचं. ५ बाय ५ घरांत एकूण वाटा किती?

मी वाटा मोजत बसले. तुम्ही म्हणालात, "प्रत्येक घरात एकच आकडा लिही. इथवर यायच्या वाटा किती?" वरच्या घराचा आणि डावीकडच्या घराचा आकडा मिळवत गेले आणि शेवटच्या घरात ७० आले. मग १७ बाय १७. एकेक वाट मोजायची तर त्या ६० कोटींच्या वर जातात. तक्ता भरायचा तर घरं फक्त २८९. इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवतात ते डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे छोटी उत्तरं लिहून ठेवून त्यांवरून मोठं उत्तर काढायची पद्धत, मला अकरावीच्या पहिल्या सत्रात असं पेन्सिलीने भेटलं.

लॅबमध्ये सगळीकडे प्रोग्राम लिहायला टर्बो सी प्लस प्लस हे जुनं सॉफ्टवेअर होतं. तुम्ही माझ्यासाठी कोपऱ्यातल्या एका मशीनवर कोडब्लॉक्स हे त्याहून नवं सॉफ्टवेअर टाकून घेतलंत. त्याच मशीनवर १८ बाय १८ साठी उत्तर ऋण आलं, तेव्हा मी धावत स्टाफरूममध्ये आले होते. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत. आमच्या विषयाच्या दुसऱ्या पेपरातल्या बायनरी अंकगणिताचा, टूज कॉम्प्लिमेंटचा (ऋण संख्या बायनरीत लिहायच्या पद्धतीचा) भाग उघडून दिलात आणि म्हणालात, "३२ बिटांत जास्तीत जास्त किती मावतं ते काढ." मावतात साधारण २१४ कोटी, वाटा होत्या २३३ कोटी; न मावलेला आकडा मशीनने ऋण म्हणून वाचला होता. पाठ करायचा म्हणून ठेवून दिलेला तो धडा मी त्या संध्याकाळी शेवटपर्यंत वाचला.

तुम्ही मला नुसतं पुढे पळवलं नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. ॲरे, स्ट्रिंग, सॉर्टिंग तुम्ही चार प्रश्नांत तपासून सोडून दिलंत. रिकर्शनपाशी मात्र कितीतरी आठवडे रोखून धरलंत. फंक्शन स्वतःलाच हाक मारतं तेव्हा आधीचं काम कुठे ठेवलं जातं, हे कागदाशिवाय, मराठीत, शेजारच्या मुलीला कळेल असं सांगता येईपर्यंत पुढचा विषय नाही. मला तेव्हा राग यायचा. आज रोज कामात ग्राफ आणि ट्री या माहितीच्या रचना हाताळताना कळतं, त्या आठवड्यांवर किती काही उभं आहे.

आणि हे सगळं लातूरमध्ये! लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यातल्या हजारो मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगपर्यंत नेलंय, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथे सगळ्यांचं वेळापत्रक एक असतं, आणि त्याबाहेर तास-दीड तास काढणं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. तुम्ही घरी आलात, आईला म्हणालात, "ताई, फिजिक्सचे मार्क घसरले तर मी स्वतः हे थांबवते." तो शब्द तुम्ही पाळलात. एका चाचणीनंतर महिनाभर कोपऱ्यातलं मशीन बंद आणि भौतिकशास्त्राची गणितं सुरू.

इन्फॉरमॅटिक्स ऑलिंपियाडचं, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेचं नाव मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. झेडआयओ (झोनल इन्फॉरमॅटिक्स ऑलिंपियाड) ही तिची पहिली फेरी कागद-पेनाची, प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी देता येणारी, हे आजही कितीजणांना ठाऊक नाही. शिक्षकांनो, परीक्षा घेणाऱ्या आयएआरसीएस संस्थेचं अभ्याससाहित्य आणि जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथॉन आणि अल्गोरिदमचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर कुणालाही बघता येतो. मॅडम, तुम्ही यातलं आधी स्वतः सोडवायचात, मग मला द्यायचात. मी दुसऱ्या फेरीपर्यंत गेले, प्रशिक्षण शिबिरात निवड झाली नाही. त्या निकालाच्या दिवशी तुम्ही पुढचा प्रश्न लिहूनच आणला होतात.

पुढे वाचनात आलं: १९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोसेफ बेट्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात बसला होता. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्याबद्दल मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांना सांगितलं. तेराव्या वर्षी तो तिथेच पदवीला दाखल झाला, आणि १९७१ मध्ये स्टॅन्लींनी गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी मोठा उपक्रम उभारला. वाचताना माझं लक्ष त्या बाईंवरच खिळलं. वर्गात कोण आधीच पुढे गेलंय हे त्यांना दिसलं, आणि त्या कुणाशी तरी बोलल्या.

आता एक परवानगी हवी आहे. तुमच्या प्रश्नांच्या त्या दोन वह्या मी टाइप करतेय, मराठीतच. ग्राफच्या प्रकरणापर्यंत आलेय. तुमची हरकत नसेल तर त्या सगळ्यांसाठी खुल्या करीन, तुमच्या नावाने. काही ठिकाणी पेन्सिल पुसट झालीय, आकडे लागत नाहीत. दिवाळीत लातूरला येतेय, तेव्हा वह्या घेऊनच घरी येईन. दुपारी चालेल का, तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी